उजवीकडची खुर्ची

"बँडवाल्यांशी कामापुरतंच बोल हो," आईनं मला आधीच बजावलं होतं. "ती माणसं स्वतःशिवाय कुणाचं ऐकत नाहीत."

मी तेव्हा ठकीच्या पायात मोजे चढवत होते. मी एक चढवला की ती दुसरा काढायची. "आई, मी पदवीधर आहे, नोकरी करते, एका लेकराची आई आहे," मी म्हटलं. "गिटार बघून पाघळायचं वय गेलं माझं."

"पाघळायला वय लागत नाही," आई म्हणाली. "ऊब लागली की पुरे."

मी ते हसण्यावारी नेलं. आईचं बोलणं हसण्यावारी न्यायचा माझा जुना सराव आहे, आणि त्यातलं निम्मं खरं ठरतं हा अनुभवही जुनाच. फक्त कुठलं निम्मं, ते आधी कळत नाही.

आमचा स्टुडिओ म्हणजे मुळात गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज. वर पत्रा, खाली सिमेंटची जमीन आणि कितीही घासला तरी न जाणारा ऑइलचा वास. मधे जाड दुहेरी काच घालून काकांनी त्याचे दोन भाग केले होते. पलीकडे वाजवायची खोली, अलीकडे ऐकायची. काका म्हणजे आमचे रेकॉर्डिस्ट आणि मालक. ते कुणाचेच सख्खे काका नव्हते, पण पंखा दुरुस्त करायला आलेला म्हातारासुद्धा त्यांना काकाच म्हणायचा. मी त्यांची सहायक. एरवी आमच्याकडे साबणाच्या जाहिराती नाहीतर लिफ्टमधल्या सूचना रेकॉर्ड व्हायच्या. 'दरवाजा बंद होत आहे' हा आवाज माझा आहे, सांगून ठेवते.

अशा या आमच्या सोज्वळ स्टुडिओत 'जांभळी पाल' आली.

जांभळी पाल हे बँडचं नाव. गाणं ऐकताना भिंती वितळतायत असं वाटलं पाहिजे, अशी त्यांची इच्छा. भिंती पडतायत असं वाटतं, असं शेजाऱ्यांचं म्हणणं. गायिकेच्या केसांत फणी शिरल्याला युगं लोटली असावीत, म्हणून तिला सगळे झिपरी म्हणत. तीच ऑर्गनही वाजवायची. ड्रमवर एक धिप्पाड बुवा, बेसवर कधीच न बोलणारा एक जण, आणि गिटारवर — भोवरा.

तो मला पहिल्यांदा भेटला तो स्टुडिओच्या दारात, आणि ती भेट काही कवितेत घालण्यासारखी नव्हती.

आईचे गुडघे त्या दिवसांत फार दुखत होते, म्हणून दुपारी ठकी माझ्याबरोबर कामावर यायची. ठकीचे बाबा आणि मी ती रांगायला लागायच्या आधीच वेगळे झालो होतो. भांडण असं नव्हतं. दोघांनाही एकमेकांशी बोलायचं सुचेनासं झालं होतं, इतकंच. मी काळजी करणारी बाई आहे. ठकी झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायचा, गॅस बंद केला का ते परत जाऊन बघायचं, आणि मग आपण परत जाऊन बघितलं होतं का, ते आठवत बसायचं. त्या दुपारी ठकी कशीबशी झोपली होती. मी तिला खांद्यावर टाकून दाराशी उभी होते. तेवढ्यात गिटारचा भलाथोरला ॲम्प मिठीत धरून एक उंच माणूस आत शिरला आणि माझ्या अगदी शेजारी येऊन थांबला.

"हळू ठेवा हं... झोपलीय," मी कुजबुजले.

त्यानं ॲम्प धाडकन जमिनीवर सोडला.

ठकीनं असा टाहो फोडला की पत्रा थरथरला. मला आई आठवली. स्वतःशिवाय कुणाचं ऐकत नाहीत! तो दचकला, आधी भलतीकडेच वळला, तिकडे भिंतीवर अडकवलेल्या रेनकोटशिवाय काही नव्हतं, मग गर्रकन फिरून आमच्याकडे बघितलं. ठकी रडता रडता थांबली. तिला ते फार आवडलं. आपण रडतोय इकडे, आणि हा बघतोय तिकडे! ती खुदकन हसली.

"माफ करा," तो म्हणाला. डोळे मात्र माझ्या ओठांवर. "मला दिसलंच नाही."

"दिसायचं कशाला? मी सांगितलं की!"

"मग... ऐकायचं राहिलं," तो म्हणाला, आणि असा काही ओशाळला की माझ्या तोंडावर आलेलं पुढचं वाक्य मी गिळलं.

त्यानं गिटार ॲम्पला जोडली, आवाज अगदी बारीक केला आणि एकच सूर लांबवत राहिला. दूर कुठेतरी भुंगा फिरत असावा तसा... जवळ यायचा, लांब जायचा, पुन्हा जवळ. ठकीचे डोळे जड झाले. आणि माझेही, खोटं कशाला बोलू?

त्या दिवसापासून ठकीला एक खेळ मिळाला. ती कुठूनतरी भोवऱ्याच्या मागे जायची आणि ओरडायची, "भो!" तो हमखास चुकीच्या बाजूला वळायचा. उजवीकडून ओरडली तर डावीकडे, मागून ओरडली तरी डावीकडेच. ठकी हसून हसून जमिनीवर बसायची. सगळा बँड हसायचा. झिपरी म्हणायची, "लहान पोरांना खेळवायची कला आहे बाबा याच्याकडे. मोठ्या माणसांशी मात्र बोलायला नको. हाका मारून मारून घसा बसतो, साहेब आपल्याच तंद्रीत!"

"तंद्री नाही, साधना म्हणतात त्याला," भोवरा म्हणायचा.

"साधना? कोण ही? आम्हाला नाही सांगितलंस!"

अशी त्यांची बोलणी. मी आवाज कमीजास्त करायच्या बोर्डावर मान खाली घालून बटणं पुसायची आणि हसू दाबायची.

एकदा भर दुपारी पावसाची सर आली. पत्र्यावर असा ताशा वाजायला लागला की रेकॉर्डिंग थांबवावं लागलं. बाकीचे ओट्यावर गप्पा मारायला गेले. ठकी टोपलीत झोपलेली. मी बोर्डासमोर, आणि तो नेहमीसारखा माझ्या उजव्या हाताच्या खुर्चीत. तो कायम तीच खुर्ची घ्यायचा. तिच्यावर कुणी बसलं असेल तर उभा राहायचा, पण डावीकडे बसायचा नाही.

"एक विचारू?" मी म्हटलं. "तुम्ही नेहमी त्याच बाजूला का बसता?"

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "डावीकडून तुम्ही रागावलेल्या दिसता."

"आणि उजवीकडून?"

"उजवीकडून... रागावणार आहात, पण अजून ठरलेलं नाही, अशा."

"बरंच निरीक्षण आहे की!"

"माझा तोच धंदा आहे."

"तुमचा धंदा वाजवायचा. निरीक्षण माझा. मी आई आहे."

"मग सांगा, मी आत्ता काय करतोय?"

"मला हसवताय."

"आणि?"

"...आणि चहा गार करताय," मी म्हटलं आणि कप उचलला. कप रिकामा होता. त्यानं ते बघितलं, पण बोलला नाही. रिकाम्या कपातून चहा पिणाऱ्या बाईला न हसणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. पाऊस थांबला तेव्हा मला उगीचच त्याचा राग आला. पावसाचा हं.

मग मिक्सिंग सुरू झालं. म्हणजे वेगवेगळी वाजवलेली वाद्यं एकत्र जुळवायची, कुणाला पुढे आणायचं, कुणाला मागे, कुणाला कुठल्या कानात बसवायचं ते ठरवायचं. 'गरगर' नावाचं त्यांचं एक गाणं होतं. त्यात गिटार ऐकणाऱ्याच्या डोक्याभोवती फिरायची. डाव्या कानातून निघायची, उजव्या कानात जायची, परत डावीकडे यायची. कल्पना भोवऱ्याची. आणि त्याचं समाधान काही होईना.

"ती उजवीकडे जाते आणि विझते," हेडफोनवर तळहात दाबून तो म्हणायचा. "तिकडे थोडी वाढवा ना."

मी वाढवायची.

"अजून."

अजून वाढवायची.

काका आले, स्पीकरवर ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, ही होडी उजवीकडे कलंडलीय! बुडेल गाणं."

"कलंडू दे, काका," झिपरी म्हणाली. "ऐकणारा खुर्चीतून पडला पाहिजे. तेच तर हवंय आपल्याला!"

काका पुटपुटत निघून गेले. त्या मंडळींचं हे असंच. ज्या गाण्यात सगळंच वाकडं असायला हवं, त्यात चुकून काय वाकडं झालं, ते कोण ओळखणार?

ओळखलं ते ठकीमुळे. तिला हेडफोन घालायचं वेड होतं. त्या दुपारी तिनं ते डोक्यावर घेतले, उलटेसुलटे केले, चावून बघितले. मी तिच्या हातातून घेऊन घाईघाईनं भोवऱ्याला दिले आणि गाणं लावलं.

तो ताडकन उठला.

"आली! आली परत!" चेहऱ्यावर असा आनंद की मलाही हसू फुटलं. मग एकदम कपाळाला आठी. "पण एवढी मोठी कशाला केलीत? आणि... ऑर्गन कुठे गेला? डावीकडचा ऑर्गन का काढलात?"

मी काहीच केलं नव्हतं. बोटसुद्धा लावलं नव्हतं. मी म्हणणार होते तसं, तेवढ्यात माझं लक्ष हेडफोनकडे गेलं. 'डावा' अशी खूण जिच्यावर असते ती कानाची वाटी त्याच्या उजव्या कानावर होती. हेडफोन उलटे होते.

उलटे घातले तर काय होईल? डावीकडचं उजवीकडे ऐकू येईल, उजवीकडचं डावीकडे. बस. नाहीसं काहीच व्हायला नको. त्याच्या उजव्या कानावर ऑर्गन धो धो वाजत होता, मला बाहेर ऐकू येत होता... आणि तो विचारत होता, ऑर्गन कुठे गेला?

बँडचं नाव काहीही असो, माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हा.

मी त्याला काही बोलले नाही. "ऑर्गन बघते," एवढंच म्हटलं. विचारायला जीभच रेटेना. पण घरी गेल्यावर सगळं एकेक करून समोर यायला लागलं. दारात कुजबुजले ते त्याच्या उजव्या बाजूला. ठकीचा खेळ... तो खेळत नव्हताच. आवाज कुठून आला ते त्याला कळतच नव्हतं. आणि ती खुर्ची! तो माझ्या उजवीकडे बसला की मी त्याच्या डावीकडे येते. डाव्या कानाशी.

म्हणजे रागावलेली दिसते वगैरे सगळं खोटं होतं तर. मला वाईट वाटलं. आणि मग वाटलं, मला कशाचं वाईट वाटतंय? त्याच्या कानाचं, की त्या खोट्याचं? खोट्याचंच वाटतंय हे कळलं, तसं आपण पाघळलोय हेही कळून चुकलं. आईचं ऊब लागण्याचं निम्मं खरं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याआधी जाऊन त्याच्या खुर्चीत बसले. "आज तुम्ही डावीकडे," मी म्हटलं. तो दारात अडखळला. मग तिथे बसला. काका पलीकडच्या खोलीतला गेलेला दिवा बदलायला नवा आणण्यासाठी बाहेर गेले होते. पलीकडे अंधार, समोर काळी काच. आम्ही दोघंही समोर बघत होतो.

"तुमच्या बाहीला शाई लागलीय," मी समोर बघतच हळू म्हटलं.

तो हलला नाही.

"उद्यापरवा काम संपेल. मग तुम्ही येणार नाही."

काहीच नाही. खरंच नव्हतं ऐकू येत त्याला. त्या धीटपणाला काय म्हणावं कळत नाही — भिंतीपाशी बोलावं तसं मी बोलून गेले, "मला तुम्ही फार आवडता. आईनं सांगितलं होतं तरी."

त्याचं बोट एका बटणावर होतं. ते तिथेच थांबलं. बस, तेवढंच. मग तो म्हणाला, "हे कडवं पुन्हा ऐकूया?"

ऐकलं पुन्हा. काय ऐकलं ते मला विचारू नका.

त्या रात्री मी ठकीला थोपटत मनाशी पक्कं केलं. नाही. आवडतो ते ठीक, पण नाही. मी एकटी आहे. माझ्या घरात कुणी आलंच, तर तो ठकीचं रडणं ऐकणारा असला पाहिजे. तिनं झोपेतून हाक मारली आणि हा भलत्या कुशीवर असला तर? ती पडली आणि हा तिसरीकडेच बघत राहिला तर? प्रेम वगैरे नंतर. आधी लेकरू. हे कठोर वाटत असेल, पण ज्यांच्या अंगाखांद्यावर मूल आहे त्यांना हे कळेल.

शेवटच्या दिवशी 'गरगर'मधल्या टाळ्या तेवढ्या राहिल्या होत्या. झिपरी आणि बाकीचे यायचे होते, काका फोनवर. "तुम्हीच वाजवा टाळ्या," भोवरा म्हणाला. "तुमचा ताल पक्का आहे." मी पलीकडच्या खोलीत माइकसमोर उभी राहिले. तो काचेअलीकडे बोर्डापाशी. स्पीकर बंद, हेडफोन त्यानं गळ्यात उतरवलेले. ठकी मागे टोपलीत झोपलेली.

झोपलेली नव्हती. काचेतून मला दिसलं: ठकी उठली होती आणि त्याच्या उजवीकडे, जरा मागे, चाकांच्या खुर्चीवर चढत होती. खुर्ची सरकत होती. ती हसत होती. एक गुडघा वर, दुसरा पाय हवेत... आणि खाली सिमेंट. तिनं तोंड उघडलं, "भो!" म्हणाली असणार.

माझ्या घशातून आवाजच फुटला नाही. फुटला असता तरी दुहेरी काच. फक्त ओठ हलले. ठकी.

तो माझ्याकडे बघत होता. माझ्या ओठांकडे, मग माझे डोळे जिकडे खिळले होते तिकडे. आणि मान वळायच्या आधीच त्याचा उजवा हात मागे गेला. खुर्ची सटकून भिंतीवर आदळली. ठकी त्याच्या हातात होती, काखेत धरलेली, पाय लोंबकळत.

पहिल्यांदाच तो बरोबर बाजूला वळला होता.

मी दार ढकलून आत धावले. ठकीला काहीच झालं नव्हतं; खेळात आपण हरलो म्हणून तोंड वाकडं करून बसली होती. मी तिला छातीशी धरलं, डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं. तो पांढराफटक पडला होता.

"तुम्हाला... कसं कळलं?" मला धाप लागली होती.

"तुम्ही हाक मारलीत."

"आवाज कुठे आला?"

"ओठ हलले की." तो खाली बसला. मग मान वर न करता म्हणाला, "मला उजव्या कानानं ऐकू येत नाही. मुळीच नाही. आम्ही आधी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये सराव करायचो, ड्रमच्या झांजा या कानाशी. कानात बोळे घालायची लाज वाटायची. हळूहळू गेलं. कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरकडेही गेलो नाही. जाऊन ते म्हणाले, वाजवणं बंद, तर?"

मी ठकीला घेऊन त्याच्यासमोर बसले.

"ऐकू येत नाही म्हणून मी बघत राहतो," तो म्हणाला. "तुमच्या लेकीवरून तर नजर हलवत नाही कधी. आज तुम्ही टाळ्या वाजवायला निघालात, आणि मी... मी तुमच्याकडे बघत राहिलो. तेवढंच चुकलं."

माझ्या लक्षात एकेक गोष्ट यायला लागली होती. हळूहळू, कानशिलं तापवत.

"तुम्हाला ओठ वाचता येतात."

"ड्रमच्या दणक्यात झिपरी कुठल्या कडव्यात आहे ते तसंच कळायचं. सवय झाली."

"काचेपलीकडचे?"

"हो."

"आणि... काचेतले? म्हणजे पलीकडे अंधार असला, आणि काचेत अलीकडचं दिसत असलं... तर?"

त्याचे कान लाल झाले. दोन्ही.

"अगं बाई!" मी ठकीच्या पाठीमागे तोंड लपवलं. "सगळं?"

"शाईपासून."

"आणि तरी म्हणालात, कडवं पुन्हा ऐकूया?"

"तुम्ही मुद्दाम त्या बाजूला बसलात. मला वाटलं, मला कळू नये असं तुम्हाला वाटत असणार. ते तुमचं गुपित होतं. माझंही एक होतंच की." तो हसायचा प्रयत्न करत होता. "पण बाहीवरची शाई मात्र घरी जाऊन धुतली."

ठकीनं त्याच्या गळ्यातले हेडफोन ओढले. मी त्याच्याकडे बघितलं. आवाज न ऐकता माझ्या लेकराला झेलणारा माणूस. रात्री मनाशी जे पक्कं केलं होतं, ते काही आता उभं राहीना. भीती होतीच... पण माझ्याइतकंच डोळ्यांत तेल घालून बघणारं आणखी कुणी या जगात आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

"उत्तर द्या मग," मी म्हटलं. "पण आत्ता नाही. आधी कान दाखवायचे. मी येते बरोबर."

"आणि ते म्हणाले, बंद?"

"तर बंद. मला गिटार आवडते असं मी कुठे म्हटलं होतं?"

डॉक्टरबाई जरा फटकळ होत्या. उजव्या कानाचं गेलेलं परत येणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. डावा मात्र शाबूत आहे, आणि सांभाळला तर राहील. आवाज कमी, कानात बोळे, झांजांपासून लांब. "आणि वाजवणं?" त्यानं विचारलं तेव्हा त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "वाजवा की," त्या म्हणाल्या. "मी कान तपासते, संगीत नाही." बाहेरच्या बाकावर तो किती तरी वेळ तळहातांत तोंड घालून बसला. मी त्याच्या डावीकडे बसून राहिले, काही न बोलता. तेही त्याला ऐकू आलं असावं.

उत्तर मिळालं ते परत स्टुडिओत. तो तडक पलीकडच्या खोलीत गेला, दार लावलं, दिवा लावला, काचेसमोर उभा राहिला आणि काहीतरी बोलला. नुसते ओठ.

"काय?" मी अलीकडून हातवारे केले.

तो पुन्हा बोलला. मला ओठ वाचता येतात थोडेच!

काका चहा घेऊन मागे उभे होते. "अगं, मला कळलं," ते म्हणाले. "तुला कळत नाही?"

मला कळलं होतं हो. पण पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटतं ना.

झिपरीला सांगितलं तेव्हा तिनं आधी त्याच्या पाठीत धपाटा घातला. "आम्ही तुला घमेंडखोर समजत होतो रे गाढवा! मी रडलेय तुझ्यापायी, हा माझ्या गाण्याला कधी दादच देत नाही म्हणून!" आणि मग त्याच्या गळ्यात पडून पुन्हा रडली, डाव्या कानात. ड्रमवाल्या बुवांनी आपल्या झांजांकडे असं बघितलं की आम्हालाच त्यांची समजूत घालावी लागली.

'गरगर' मात्र पुन्हा करायचं ठरलं. "एका कानानं ऐकणाऱ्यालाही अख्खं गाणं मिळालं पाहिजे," काका म्हणाले. "डावं-उजवं काढून टाका. सगळं मधोमध." पण मग गिटार फिरणार कशी? भोवरा विचार करत बसला, आणि त्याला दारातली ती पहिली दुपार आठवली. भुंगा. जवळ, लांब, जवळ.

खोलीच्या मध्यावर एकच माइक ठेवला. तो कोपऱ्यात बसून वाजवू लागला, आणि त्याचा छोटा ॲम्प छातीशी धरून मी माइकभोवती फिरू लागले. जवळ आले की गिटार कानाशी यायची, लांब गेले की दूर जायची. ॲम्पची थरथर माझ्या बरगड्यांत उतरत होती. त्याचं बोट हललं की मला ते ऐकू यायच्या आधी कळत होतं. मागून ठकी, एका पायात मोजा, आपणही फिरत. शेवटच्या फेरीला ती मोठ्यानं म्हणाली, "भो!" आणि हसली. काकांनी ते काढलं नाही. रेकॉर्डवर आहे अजून.

यथावकाश आम्ही एका घरात राहायला लागलो. पलंगावर तो माझ्या उजवीकडे झोपतो आणि ठकी आमच्या मधे, त्याच्या चांगल्या कानाशी. ती कुशीवर वळली तरी आता माझ्याआधी तो उठतो. मी जागी असते, पण सांगत नाही. आई येते तेव्हा खुर्ची उचलून बरोबर त्याच्या डावीकडे मांडते आणि म्हणते, "बघ, मी म्हटलं होतं ना? ऊब लागली की पुरे." ती माणसं स्वतःशिवाय कुणाचं ऐकत नाहीत, ते निम्मं मात्र आता तिच्या आठवणीत नाही.

मी अजूनही काळजी करणारीच आहे, म्हणून एक सांगते, रागावू नका. तुमच्याही घरात, मित्रमंडळीत, ऑफिसात कुणीतरी असेल. हाकेला ओ न देणारा, मान भलतीकडे वळवणारा, नेहमी एकाच बाजूची खुर्ची धरून बसणारा. शिष्ट आहे, तंद्रीत असतो, असं तुम्ही म्हणत असाल. आज त्याच्याकडे जा. उठा आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसा, अगदी हळू त्याचं नाव घ्या... आणि तो वळतो का, तेवढं बघा.